प्रस्तावात न मावणारे संशोधन

नोव्हेंबर 1980 मध्ये ‘नेचर’ या साप्ताहिकात रॉबर्ट फर्चगॉट आणि जॉन झवाड्स्की यांचा चार पानांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचा जो एकपदरी थर असतो, त्या एंडोथेलियमशिवाय ॲसिटिलकोलीन हे द्रव्य धमनीला सैल करू शकत नाही, एवढेच त्यात सिद्ध केले होते. फर्चगॉट तेव्हा 64 वर्षांचे होते आणि न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील वैद्यकीय महाविद्यालयात 1956 पासून औषधशास्त्र विभागाचे प्रमुख होते. या चार पानांतून पुढे नायट्रिक ऑक्साइड या वायूचे सगळे शरीरक्रियाशास्त्र उभे राहिले आणि 1998 मध्ये फर्चगॉट, लुईस इग्नारो व फरीद मुराद यांना नोबेल पारितोषिक मिळाले, हा इतिहास बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. त्या इतिहासातून संशोधनाच्या अनुदानाविषयी जो निष्कर्ष निघतो, तो मात्र कोणी गंभीरपणे घेत नाही. या लेखात मला तोच मांडायचा आहे. सार्वजनिक पैशातून संशोधनाला मदत करणाऱ्या यंत्रणा अर्जदाराला मुख्यतः एकच प्रश्न विचारतात: पुढच्या तीन ते पाच वर्षांत तुम्ही काय शोधून काढणार? हा प्रश्न अनुदानाचा मुख्य आधार असणे चुकीचे आहे असे माझे मत आहे. अर्जदाराच्या हाती कोणती प्रयोगपद्धती किती पक्की आहे आणि न जुळणाऱ्या निष्कर्षाशी तो आजवर कसा वागला आहे, याला त्याहून अधिक वजन मिळाले पाहिजे.

हे मत पटवायचे तर त्या चार पानांच्या मागे जावे लागेल. रसायनशास्त्राची पदवी आणि जीवरसायनातील डॉक्टरेट घेऊन फर्चगॉट औषधशास्त्राकडे वळले आणि 1950 च्या सुमारास, सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात असताना, त्यांनी एक साधी पण अत्यंत उपयुक्त पद्धत बसवली. सशाच्या छातीतील महाधमनीचा तुकडा मळसूत्राप्रमाणे तिरका कापून त्याची लांब पट्टी करायची, ती क्षारद्रावात टांगायची आणि वेगवेगळ्या औषधांनी तिच्या स्नायूंचा ताण किती वाढतो किंवा घटतो हे नोंदवायचे. पट्टी तासन्‌तास टिके, एकाच पट्टीवर अनेक मात्रा तपासता येत आणि मिळणारे आकडे पुन्हा पुन्हा जुळत. 1953 मध्ये या पट्टीवरचा पहिला मोठा निबंध आला. रक्तदाबाच्या अभ्यासकांनी ही पद्धत लवकरच आपलीशी केली आणि पुढची कित्येक वर्षे महाधमनीची पट्टी हे औषधशास्त्राचे रोजचे साधन राहिले.

या उत्तम साधनात एक खोट होती आणि ती पहिल्यापासून दिसत होती. जिवंत प्राण्याला ॲसिटिलकोलीन टोचले की रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब झपाट्याने उतरतो, हे विसाव्या शतकाच्या आरंभापासून माहीत होते. पट्टीवर मात्र तेच द्रव्य उलटे वागे. मात्रा पुरेशी वाढवली की पट्टी आकुंचन पावे, सैल कधीच पडत नसे. फर्चगॉट यांनी ही विसंगती लपवली नाही, तशीच नोंदवली. तिचे समाधानकारक स्पष्टीकरण त्यांच्यापाशी नव्हते आणि पुढची पंचवीस वर्षे ते कोणालाच मिळाले नाही. त्या काळात त्यांनी औषध आणि ते पेशीत ज्याला चिकटून परिणाम घडवते तो ग्राही रेणू यांच्यातील बंध मोजण्याच्या पद्धतींवर मोलाचे काम केले. प्रकाश पडला की पट्टी सैल पडते, हे योगायोगाने लक्षात आल्यावर त्याचाही नेटाने पाठपुरावा केला. अनुदान देणाऱ्या एखाद्या समितीने तेव्हा त्यांना ‘या सगळ्याचा रुग्णाला उपयोग काय?’ असे विचारले असते, तर प्रकाशाने सैलावणाऱ्या सशाच्या धमनीबद्दल त्यांना काय सांगता आले असते, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

मे 1978 मध्ये जे घडले ते विज्ञानाच्या इतिहासात ‘सुदैवी चूक’ म्हणून सांगितले जाते. डेव्हिड डेव्हिडसन हे तंत्रज्ञ नेमून दिलेल्या क्रमाने प्रयोग करत होते. या वेळी मळसूत्री पट्टीऐवजी महाधमनीच्या आडव्या कड्या वापरल्या होत्या. नॉरॲड्रेनलिनने कडी आकुंचित करायची, मग ते द्रव्य धुऊन टाकायचे आणि त्यानंतर ॲसिटिलकोलीनसारखेच काम करणारे कार्बाकोल द्यायचे, असा क्रम ठरला होता. मधली धुण्याची पायरी राहून गेली आणि आधीच आकुंचित असलेल्या कडीवर कार्बाकोल पडले. कडी आणखी आवळण्याऐवजी सैल पडली.

या प्रसंगाचे श्रेय नशिबाला देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण तसे केले की खरा मुद्दा हातातून निसटतो. ॲसिटिलकोलीनने सशाची महाधमनी सैल पडते, हे निरीक्षण त्या दिवशी जगात प्रथम झाले नव्हते. जेलिफ या संशोधकाने ते आधीच प्रसिद्ध केले होते आणि फर्चगॉट–झवाड्स्की यांनी आपल्या निबंधात त्याची स्पष्ट दखलही घेतली आहे. म्हणजे तथ्य ग्रंथालयात उपलब्ध होते आणि त्याच्या विरुद्ध जाणारे तथ्यही तिथेच होते. दोन्ही एकाच वेळी खरी कशी असू शकतात, हे शोधायला कोणी बसले नव्हते. ब्रुकलिनमध्ये तो शोध सुरू झाला, कारण त्या पट्टीने काय करावे आणि काय करू नये याची पंचवीस वर्षांची ओळख तिथल्या माणसांच्या अंगवळणी पडली होती. नवख्या प्रयोगशाळेत त्या दिवशीचा आलेख ‘पायरी चुकली’ असा शेरा मारून बाजूला ठेवला गेला असता आणि त्यात कोणाला गैर वाटले नसते.

पुढचा तपास हा पद्धतीच्या तपशिलांचा तपास होता. कडी सैल पडते आणि पट्टी पडत नाही, तर दोघींत फरक काय? आकार, कापण्याची दिशा, ताण असे एकेक कारण तपासून बाजूला पडले. शेवटी लक्षात आले की पट्टी कापताना आणि हाताळताना तिचा आतला पृष्ठभाग नकळत कशावर तरी घासला जातो, तर कडी बनवताना तसे होत नाही. न घासता काळजीपूर्वक बनवलेली पट्टीही सैल पडू लागली आणि मुद्दाम घासलेली कडी सैल पडेनाशी झाली. घासल्याने निघून जात होत्या त्या एंडोथेलियमच्या पेशी. तोवर या थराकडे रक्त आणि स्नायू यांच्यामधला निष्क्रिय पडदा म्हणूनच प्रामुख्याने पाहिले जात होते. मग फर्चगॉट यांनी ज्याला ते ‘सँडविच’ म्हणत तो प्रयोग केला. एंडोथेलियम काढून टाकलेली पट्टी आणि एंडोथेलियम शाबूत असलेली पट्टी यांचे आतले पृष्ठभाग समोरासमोर चिकटवले आणि ताण फक्त पहिलीचा मोजला. एकटी असताना ॲसिटिलकोलीनला दाद न देणारी ती पट्टी आता सैल पडली. शेजारच्या पेशींकडून काहीतरी पाझरत होते आणि स्नायूपर्यंत पोचत होते. इतक्या मोठ्या निष्कर्षासाठी लागलेली सामग्री पाहिली तर ती 1953 मध्येही उपलब्ध होती. महागडे उपकरण नव्हते म्हणून हा शोध अडला नव्हता.

त्या पाझरणाऱ्या द्रव्याला एंडोथेलियमजन्य शिथिलकारी घटक असे तात्पुरते नाव मिळाले आणि ते नेमके काय आहे यावर सहा-सात वर्षे जगभर स्पर्धा चालली. त्याचे आयुष्य काही सेकंदांचेच होते, त्यामुळे ते वेगळे काढून बाटलीत भरणे शक्य नव्हते. हिमोग्लोबिन त्याला निष्प्रभ करी आणि सुपरऑक्साइडही त्याचा नाश करी. दुसरीकडे फरीद मुराद यांनी 1977 मध्येच दाखवून दिले होते की नायट्रोग्लिसरीनसारखी औषधे नायट्रिक ऑक्साइड मोकळे करतात आणि तो वायू पेशीतील ग्वानिलेट सायक्लेज या विकराला चालना देतो. नायट्रोग्लिसरीन हृदयशूळावर 1879 पासून दिले जात होते. ते काम कसे करते याचे उत्तर मिळायला जवळजवळ शतक लागले. पण आपले शरीर हाच विषारी समजला जाणारा वायू स्वतः तयार करत असेल, हे सहजासहजी कोणाच्या मनात आले नाही. जुलै 1986 मध्ये अमेरिकेतील रोचेस्टर येथे भरलेल्या एका परिसंवादात फर्चगॉट आणि इग्नारो या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, तो घटक म्हणजे नायट्रिक ऑक्साइडच असावा असे मांडले. फर्चगॉट यांना तिथवर नेले ते आम्लयुक्त सोडियम नायट्राइटच्या प्रयोगांनी आणि सोडियम नायट्राइट हे तर त्यांच्या 1953 च्या निबंधाच्या शीर्षकातच होते. 1987 मध्ये इंग्लंडमधील वेलकम प्रयोगशाळेत साल्वादोर मोंकादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एंडोथेलियमच्या पेशींतून बाहेर पडणारे नायट्रिक ऑक्साइड प्रत्यक्ष मोजून दाखवले. त्याच वर्षी इग्नारो यांचाही पुरावा आला. पुढच्याच वर्षी मोंकादा यांच्या गटाने हा वायू आर्जिनिन या अमिनो आम्लापासून बनतो हेही सिद्ध केले.

आता अनुदानाकडे येऊ. आजच्या पद्धतीचा प्रस्ताव फर्चगॉट यांना 1977 मध्ये लिहावा लागला असता, तर ‘अपेक्षित निष्कर्ष’ या रकान्यात त्यांनी ग्राही रेणूंविषयी काही लिहिले असते. ते खरेही ठरले असते आणि आज कोणाच्या स्मरणात नसते. एंडोथेलियमचा तिथे उल्लेखही आला नसता. यावर असे म्हटले जाते की चांगला शास्त्रज्ञ प्रस्तावात एक लिहितो आणि संधी दिसली की दुसरेच करतो. सगळेच तसे करतात, मग तक्रार कसली? हे उत्तर मला लबाडीचे वाटते. ज्या व्यवस्थेत चांगले काम करण्यासाठी नियमाकडे काणाडोळा करावा लागतो, त्या व्यवस्थेचा नियमच बदलला पाहिजे. शिवाय काणाडोळा करण्याची मुभा ज्येष्ठ आणि नामवंतांनाच मिळते. नव्याने काम सुरू करणाऱ्या संशोधकाला प्रस्तावात लिहिलेलेच करून दाखवावे लागते, कारण त्याचे पुढचे पद त्यावर अवलंबून असते. न जुळणारा आलेख त्याच्या दृष्टीने केवळ वेळेचा अपव्यय असतो.

माझ्या भूमिकेवर दोन आक्षेप गंभीर आहेत. पहिला असा की यशस्वी माणसाची गोष्ट सांगून धोरण ठरवता येत नाही. एकाच पद्धतीला पंचवीस वर्षे चिकटून राहिलेले आणि शेवटी हाती काहीच न लागलेले संशोधक कितीतरी असतील. त्यांच्यावर कोणी लेख लिहीत नाही. हा आक्षेप योग्य आहे आणि म्हणूनच एका चरित्रावर न थांबता तुलनात्मक पुरावा पाहिला पाहिजे. अमेरिकेतील हॉवर्ड ह्यूज वैद्यकीय संस्था प्रकल्पाऐवजी व्यक्तीची निवड करते, तिला अनेक वर्षांची हमी देते आणि सुरुवातीच्या अपयशाकडे सहनशीलतेने पाहते. काही अर्थशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या संस्थेच्या संशोधकांची तुलना राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या प्रकल्पनिष्ठ अनुदानावर काम करणाऱ्या, तुल्यबळ पूर्वकामगिरीच्या संशोधकांशी केली. पहिल्या गटाकडून फार मोठा प्रभाव पाडणारे निबंध अधिक आले आणि त्याचबरोबर सपशेल फसलेले निबंधही अधिक आले. या निष्कर्षाचा दुसरा भाग मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. व्यक्तीवर भरवसा ठेवणारी पद्धत फुकट मिळत नाही. तिची किंमत अपयशांत मोजावी लागते आणि पैसा करदात्यांचा असेल तर ती किंमत आधीच उघडपणे सांगितली पाहिजे.

दुसरा आक्षेप उत्तरदायित्वाचा आहे. समाज पैसा देतो तो रोग बरे व्हावेत म्हणून. मग उद्दिष्ट विचारण्यात गैर काय? गैर काही नाही, पण उद्दिष्ट सांगितल्याने ते साध्य होण्याची शक्यता वाढते हे गृहीतक तपासून घेतले पाहिजे. नायट्रिक ऑक्साइडचाच पुढचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. रक्तात जंतुसंसर्ग पसरून येणाऱ्या आघातात हा वायू अतिरिक्त प्रमाणात तयार होतो, रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब कोसळतो. तेव्हा त्याची निर्मिती रोखणारे औषध दिले तर रुग्ण वाचतील, ही कल्पना अगदी तर्कशुद्ध होती आणि कोणत्याही समितीपुढे उत्तम दिसली असती. मोठ्या चाचणीत औषधाने रक्तदाब वाढला, पण मृत्यूही वाढले आणि चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. उलट सिल्डेनाफिल (व्हायग्रा) हे औषध हृदयशूळासाठी तयार होत होते आणि त्याचा खरा उपयोग दुष्परिणाम म्हणून नोंदवलेल्या निरीक्षणातून पुढे आला. नायट्रिक ऑक्साइड ज्या संदेशवाहक रेणूद्वारे काम करते, त्याचे विघटन हे औषध रोखते. फुप्फुसांतील रक्तदाब वाढल्यामुळे प्राणवायू न पोचणाऱ्या नवजात बाळांना श्वासातून नायट्रिक ऑक्साइड देण्याचा उपचार मात्र बराचसा अपेक्षेप्रमाणे यशस्वी झाला आणि 1999 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. तीन उपयोगांपैकी एकात भाकीत खरे ठरले, एकात घातक ठरले आणि एकात भलतेच काही हाती लागले. तज्ज्ञांच्या भाकिताची एवढीच खात्री असेल, तर निवडीचा सगळा भार त्याच्यावर टाकण्याला उत्तरदायित्व कसे म्हणावे?

या चर्चेत उद्योगांच्या प्रयोगशाळांना सरसकट संकुचित ठरवण्याची प्रथा आहे आणि तिच्याशीही मी सहमत नाही. नायट्रिक ऑक्साइडचा निर्णायक पुरावा देणारी वेलकम प्रयोगशाळा एका औषधकंपनीची होती. मोंकादा हे औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांच्या हाताखाली तयार झाले होते आणि एका ऊतीतून निघालेला द्रव लगेच दुसऱ्या ऊतीवरून वाहू देऊन क्षणभंगुर द्रव्ये पकडण्याची जी पद्धत त्या परंपरेत घोटली गेली होती, ती 1976 मध्ये प्रोस्टासायक्लिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या द्रव्याच्या शोधात आणि दहा वर्षांनी नायट्रिक ऑक्साइडच्या शोधातही कामी आली. मालक कोण आहे याने तिथे फारसा फरक पडला नाही. पिढ्यान्‌पिढ्या घासून तयार झालेली प्रयोगाची हातोटी आणि ती टिकवण्यास तयार असलेली संस्था यांनी पडला. विद्यापीठातही ही हातोटी मोडता येते. दर तीन वर्षांनी माणसे बदलली की ती मोडतेच.

इथे तंत्रज्ञांचा प्रश्न येतो आणि तो मला या सगळ्यात सर्वांत दुर्लक्षित वाटतो. डेव्हिडसन यांचे नाव आज माहीत आहे ते फर्चगॉट यांनी नोबेल व्याख्यानात त्यांचा आणि त्या चुकलेल्या पायरीचा उल्लेख केला म्हणून. अन्यथा प्रयोग प्रत्यक्ष हाताने करणाऱ्या माणसाचे नाव बहुधा निबंधाच्या आभारात संपते. प्रकल्पागणिक नेमणूक होणारा तंत्रज्ञ, प्रकल्प संपला की पट्टी न घासता कशी कापायची हे ज्ञान घेऊन निघून जातो आणि त्याच्या जागी येणारा माणूस ती घासतच कापतो. एंडोथेलियमच्या बाबतीत जगभरातल्या कुशल हातांकडून वर्षानुवर्षे हेच होत होते, हे लक्षात घेतले म्हणजे हातांच्या ज्ञानाला किती महत्त्व द्यायला हवे ते समजते.

पारितोषिकांनी या बाबतीत मदत केलेली नाही. नोबेलच्या नियमानुसार एक पारितोषिक तिघांहून अधिक जणांत विभागता येत नाही. 1998 मध्ये मोंकादा यांना वगळले गेले तेव्हा वैज्ञानिक जगतात उघड नाराजी व्यक्त झाली आणि ती मला रास्त वाटते. पण चौथा माणूस घेतला असता तरी मूळ अडचण राहिलीच असती. तीन-चार चेहऱ्यांची यादी पाहून अनुदान समित्याही पुढचे तीन-चार चेहरे हेरू पाहतात आणि चेहरा हेरण्याचे सोपे माप म्हणून निबंधांची संख्या किंवा नियतकालिकाची प्रतिष्ठा वापरतात. व्यक्तीवर भरवसा ठेवा असे मी म्हणतो तेव्हा हे माप मला अभिप्रेत नाही. त्याने प्रकल्पांचा जुगार जाऊन प्रसिद्धीचा जुगार येईल, एवढेच.

मग माप कोणते? ते अवघड असले तरी अशक्य नाही. समितीने अर्जदाराचे दोन-तीन जुने निबंध निवडून त्यांतील प्रयोगपद्धतीचा भाग बारकाईने वाचावा. त्या पद्धती इतर प्रयोगशाळांत उचलल्या गेल्या का आणि आकडे जुळले का, हे पाहावे. अर्जदाराने स्वतःच्या मताला प्रतिकूल निष्कर्ष कधी प्रसिद्ध केला आहे का, हे थेट विचारावे. एकूण निधीचा ठरावीक हिस्सा, सुरुवातीला पाचवा भाग असला तरी चालेल, अशा पद्धतीने निवडलेल्या प्रयोगशाळांना किमान सात वर्षांसाठी द्यावा, त्यात तंत्रज्ञाचे पद कायमस्वरूपी धरावे आणि मुदतीअखेर प्रस्तावात काय लिहिले होते याची तुलनाच करू नये. उरलेले चार भाग आजच्या पद्धतीने वाटले जावेत, कारण चाचण्या, रोगसर्वेक्षण आणि ठरावीक उपकरणांची बांधणी या कामांना प्रकल्पाची चौकट खरोखरच लागते. दहा-पंधरा वर्षांनी दोन्ही हिश्शांची तुलना, फसलेली कामे वगळल्याशिवाय, जाहीर करावी आणि तिच्यात माझा पाचवा भाग कमी पडला तर तो खुशाल बंद करावा.